पुण्यात परवडणारं आणि सेफ घर शोधायचंय? आधी एरिया बघा, फ्लॅट नंतर

आम्ही जवळपास दोन वर्षं घर शोधत होतो, सगळे शनिवार-रविवार त्यातच गेले, आणि त्यातलं पहिलं वर्ष आम्ही चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली म्हणून वाया गेलं. आम्ही फ्लॅट बघत होतो. सॅम्पल फ्लॅट, किचनचा ओटा, बाल्कनीतून दिसणारी टेकडी, क्लब हाऊस. पाणी कुठून येतं, पावसात रस्त्याचं काय होतं, रात्री दहाला मी एकटी स्टॉपवरून चालत येऊ शकते का, हे विचारायला लागलो तेव्हा कुठे शोध मार्गी लागला. नात्यातल्या तीन जणांनी गेल्या वर्षभरात सेम प्रश्न विचारले म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून काढतेय. उदाहरणं पुणे-पिंपरी चिंचवडची आहेत कारण तेच मी पायी फिरून बघितलंय.

आधी कॅश मोजा, मग बजेट ठरवा

ईएमआय सगळे मोजतात, पण खरी अडचण होते ती सुरुवातीला लागणाऱ्या कॅशची. समजा ५० लाखांचा अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट आहे. ३० ते ७५ लाखांमधल्या लोनला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे १० लाख तुमचे. पुणे आणि पिंपरी चिंचवड महापालिका हद्दीत स्टँप ड्युटी सगळं धरून ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. रजिस्ट्रेशन फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, अडीच लाख. झाले १६ लाख ३० हजार, आणि यात फर्निचर, शिफ्टिंग, वकील काहीच धरलेलं नाही. उरलेल्या ४० लाखांच्या लोनवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता येतो साधारण ३४,७००.

यात कमी काय करता येतं ते बघा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत १ टक्का सवलत आहे, नवराबायको जॉइंट असेल तर ती मिळत नाही. दुसरं, जीएसटीच्या हिशोबात पुणे मेट्रो शहरांच्या यादीत नाही, त्यामुळे इथे ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर जीएसटी ५ नाही, १ टक्का लागतो. म्हणजे ४४ लाखांच्या फ्लॅटवर ४४ हजार आणि ४६ लाखांच्या फ्लॅटवर २ लाख ३० हजार! भाव करताना ही रेषा डोक्यात ठेवा, पार्किंग वगैरे सगळं धरून ४५ च्या आत बसतंय का ते विचारा. आणि ज्या बिल्डिंगला कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालंय तिथल्या फ्लॅटला किंवा रिसेलला जीएसटी लागतच नाही.

वर्षाचं घरातलं सगळं उत्पन्न ९ लाखांच्या आत असेल आणि देशात कुठेच पक्कं घर नसेल तर पंतप्रधान आवास योजना शहरी २.० बघा, ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंतचं लोन असेल तर व्याजावर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत सबसिडी आहे. म्हाडाच्या पुणे बोर्डाची लॉटरी पण भरत राहा. त्यात खाजगी प्रकल्पांतले २० टक्के योजनेतले, म्हणजे कमी किमतीत द्यायला राखून ठेवलेले फ्लॅट असतात, चांगल्या एरियात कमी किमतीत मिळतात, फक्त पाच वर्षं विकता येत नाहीत.

नकाशावर आपली रोजची वाट आखा

घरातले जे जे रोज बाहेर पडतात त्यांची ठिकाणं कागदावर लिहा. नवरा हिंजवडीत, मी शिवाजीनगरला, मुलाची शाळा जिथे घर तिथे. मग प्रत्येकासाठी एका बाजूला जास्तीत जास्त किती वेळ चालेल ते ठरवा, आम्ही एक तास धरला. एवढ्यानेच निम्मं शहर गळतं, आणि गळू द्या. स्वस्त दिसतंय म्हणून वाघोलीत घर घेऊन रोज हिंजवडीला जाणारी माणसं मी बघितलीत, त्यांचं पेट्रोल आणि थकवा हप्त्यात धरला तर ते घर स्वस्त राहत नाही.

मेट्रोचं एक सांगते. जी लाइन आज चालू आहे तीच धरा. पिंपरी चिंचवड महापालिका ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन लाइन आज सुरू आहेत, वनाज आणि पिंपरीचे पहिले टप्पे मार्च २०२२ ला सुरू झाले, रामवाडीला मेट्रो मार्च २०२४ मध्ये पोचली आणि स्वारगेटला सप्टेंबर २०२४ मध्ये. जाहिरातीत मात्र 'प्रस्तावित स्टेशनपासून ५ मिनिटं' लिहिलेलं असतं आणि त्याचे पैसे तुमच्याकडून आजच घेतले जातात. आणि लोकलला विसरू नका. पुणे-लोणावळा लोकल दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव अशी जाते. फेऱ्या मुंबईसारख्या नाहीत, टाइमटेबल आधी बघायला लागतं, पण स्टेशनपासून चालत जाता येईल अशी १५-२० वर्षं जुनी सोसायटी मिळाली तर माझ्या मते पुण्यात मिडल क्लास माणसाला याहून चांगला सौदा नाही.

पाणी

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण पुण्याच्या कडेच्या भागात घर स्वस्त असण्याचं मोठं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पुणे महापालिकेत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला अजून २३ आली. हद्द आली, टॅक्स आला, पाइपलाइन सगळीकडे आली नाही. अशा ठिकाणी बांधकामाची परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतात की महापालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत पाण्याची सोय बिल्डर करेल. पुढे सोसायटी झाली की ते ओझं सोसायटीवर येतं आणि मेंटेनन्समधून टँकर सुरू होतात.

हिशोब करून बघा. ८० फ्लॅटची सोसायटी, घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. बोअरला थोडं पाणी आहे असं धरलं तरी उन्हाळ्यात १० हजार लिटरचे रोज ४ टँकर लागतात. टँकर हजार रुपये धरा, महिन्याचे १ लाख २० हजार, फ्लॅटमागे १५०० रुपये. हे १५०० म्हणजे साधारण पावणेदोन लाखांच्या लोनचा हप्ता झाला. तर जो फ्लॅट तुम्हाला दोन लाखांनी स्वस्त वाटतोय तो स्वस्त नाहीये, आणि वर ते पाणी पिता येत नाही ते वेगळंच.

पिण्याचं पाणी ही नुसती सोयीची गोष्ट नाही हे जानेवारी २०२५ ला कळलं. सिंहगड रोडच्या पुढचा पट्टा, किरकटवाडी, नांदोशी, नांदेड गाव, धायरी, इथे जीबीएसचे (गुइलेन बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट एकामागोमाग सापडले आणि दूषित पाण्याचा विषय सगळ्यांच्या तोंडी आला. आम्ही तेव्हा धायरीत भाड्याने राहत होतो, पाणी उकळून पीत होतो तरी रोज धाकधूक. त्यानंतर आम्ही कुठल्याही साइटवर गेलो की पहिला प्रश्न पाण्याचा.

प्रश्न विचारायची पण पद्धत आहे. सेल्स ऑफिसमध्ये 'पाणी येतं का' विचाराल तर उत्तर हो असंच येणार. शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनला 'एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर येतात' असं विचारा, तो आकडाच सांगतो. ओळख निघाली तर तिथल्या कोणाकडून मेंटेनन्सचं बिल किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल बघायला मागा, त्यात टँकरचा वर्षाचा खर्च लिहिलेला असतो. आणि शक्यतो एरिया मे महिन्यात बघा, सकाळी सात-आठला, तेव्हा गल्लीत उभे टँकर स्वतःच मोजता येतात.

पूर, नाला आणि पूररेषा

नदीला दोन पूररेषा असतात, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते, निळ्या आणि लालच्या मधे अटी असतात. मे २०२५ ला चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पिंपरी चिंचवड महापालिकेने पाडले, लोकांनी आयुष्याची कमाई घालून बांधलेले बंगले. ते व्हिडिओ बघितल्यापासून नदीजवळचा कुठलाही प्रोजेक्ट आला की मी आधी डेव्हलपमेंट प्लॅनच्या नकाशावर पूररेषा बघते.

पण नुसती नदी बघून भागत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं, ते नदीचं होतं. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला त्याचा धरणाशी संबंध नव्हता, कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस झाला आणि ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीतून घुसत गेला, माणसं गेली. तोपर्यंत कित्येकांना आपल्या मागून वाहणारा नाला म्हणजे ओढा आहे हेच लक्षात नव्हतं. म्हणून सॅटेलाइट मॅपवर जुन्या वर्षांची इमेज काढून बघा, ओढा कुठून वाहत होता आणि आता त्यावर काय आहे ते दिसतं. आणि जुलैमध्ये, दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर, छत्री घेऊन तिथे जा. बेसमेंट पार्किंग असेल तर आवर्जून खाली उतरून भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का बघा. एका ठिकाणी आम्हाला रंगाखालून कमरेएवढी रेघ दिसली आणि आम्ही तिथूनच परत फिरलो.

रेड झोन, टेकडी, कचरा डेपो

पिंपरी चिंचवडमध्ये घर बघणाऱ्यांनी रेड झोन हा शब्द पाठच करावा. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती २००० यार्डांपर्यंत बांधकामाला बंदी आहे, निगडी, तळवडे, चिखली, किवळे, रावेतचे काही काही भाग त्यात येतात. दिघीच्या बाजूला पण असाच रेड झोन आहे. तिथे अर्ध्या किमतीत घर मिळतं, लोक राहतातही, पण लोन होत नाही, परवानगी नाही आणि विकताना गिऱ्हाईक पण तसंच शोधावं लागतं. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर घेऊन महापालिकेतून झोन दाखला काढा, म्हणजे हे एका कागदावर कळतं.

त्याच दाखल्यात टेकड्यांवरचं बीडीपी (जैवविविधता उद्यान) आरक्षण, हरित पट्टा, डीपी रोड म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅनमधला रस्ता हे पण कळतं. गुंठ्या-दोन गुंठ्यांवर उभ्या केलेल्या चार-पाच मजली बिल्डिंगी धायरी, नऱ्हे, आंबेगाव, मोशी, चऱ्होली कुठेही दिसतील, टू बीएचके खूप कमी किमतीत, 'लोन आम्ही करून देतो' असं म्हणतात आणि ते एखाद्या पतसंस्थेचं जास्त व्याजाचं निघतं. मोठी सरकारी बँक ज्या बिल्डिंगला लोन देत नाही तिथे तुम्ही पण पैसे देऊ नका. मला माहितीये की ज्याचं बजेट २०-२५ लाखच आहे त्याला हे ऐकायला कठोर वाटेल. त्याने लांबचं पण कागद सरळ असलेलं वन आरके, किंवा जुन्या सोसायटीतला छोटा वन बीएचके बघावा.

बाकी वास आणि आवाज हे नकाशावर दिसत नाहीत. मोशीचा किंवा उरुळी-फुरसुंगीचा कचरा डेपो जवळ असेल तर वारा कुठून वाहतो त्यावर सगळं आहे, संध्याकाळी जाऊन उभे राहा. धानोरी-लोहगाव भागात फायटर विमानं डोक्यावरून जातात, काहींना सवय होते, लहान बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर विचार करा.

सेफ म्हणजे नक्की काय

आईला वाटायचं गेट, वॉचमन आणि सीसीटीव्ही म्हणजे सेफ. पण आपण चोवीस तास गेटच्या आत राहत नाही. मी तीन वेगवेगळ्या वेळी जायचे: वर्किंग डेला सकाळी नऊला, रात्री दहा-साडेदहाला, आणि रविवारी दुपारी. रात्री बस स्टॉप किंवा स्टेशनपासून घरापर्यंत चालत जायचं, गाडीने नाही. दिवे लागतात का, दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात, मधे मोकळा प्लॉट किंवा पत्र्याची शेड किती, बायका-मुली चालताना दिसतात का. रात्री साडेनऊला मेडिकल, डेअरी, पोळीभाजी केंद्र चालू असलेली गल्ली मला चकाचक पण ओस पडलेल्या मोठ्या रस्त्यापेक्षा जास्त सेफ वाटते.

कोयता गँग, गाड्यांची तोडफोड या बातम्या आपण वाचतो आणि अख्ख्या एरियाला नाव ठेवतो, ते बरोबर नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर पोलीस स्टेशननुसार प्रसिद्ध केलेल्या एफआयआर बघता येतात. दोन-तीन महिन्यांच्या चाळून बघा, घरफोडी, वाहनचोरी, चेन स्नॅचिंग कुठल्या रस्त्यावर होतंय त्याचा अंदाज येतो. आकड्यांची तुलना करू नका कारण एखाद्या स्टेशनची हद्दच मोठी असते, आपल्या गल्लीचं, रस्त्याचं नाव शोधा. आणि पोलीस स्टेशन किती लांब आहे ते पण बघा, २०२४ च्या शेवटाला पुण्यात आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ अशी सात नवीन स्टेशनं झाली, त्यामुळे जुनी माहिती बदललेली असू शकते.

सेफ्टीमध्ये लोक रस्ता धरत नाहीत आणि मला तर तीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. नवीन डेव्हलप होणाऱ्या भागात दिवसभर डंपर आणि सिमेंट मिक्सर धावत असतात, फूटपाथ नाही, आणि त्याच रस्त्याने मुलं सायकलवर शाळेत जातात. नवले पुलाच्या उतारावर किती अपघात होतात ते सगळ्यांना माहितीये. तुमच्या मुलाला शाळेत जाताना हायवे ओलांडायला लागणार असेल तर ते घर सोडून द्या, बाकी कितीही चांगलं असलं तरी.

एरिया ठरला, आता कागद

इथपर्यंत आलात की दोन किंवा तीनच एरिया उरतात. आता भाव काढा, आणि एजंटने सांगितलेला भाव हा भाव नसतो. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये फुकट शोधता येतं, गावाचं नाव आणि गट नंबर टाकला की त्या बिल्डिंगमधले आधीचे व्यवहार दिसतात, इंडेक्स २ मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या उताऱ्यात, मोबदला किती ते लिहिलेलं असतं. आम्हाला ५८ सांगितलेल्या फ्लॅटच्या वरच्याच मजल्यावरचा फ्लॅट सात महिन्यांपूर्वी ५१ ला गेला होता. तो प्रिंट समोर ठेवल्यावर बोलणं लगेच वेगळं झालं.

नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रोजेक्टची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका. ताबा द्यायची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख, किती फ्लॅट विकले गेलेत, कोर्ट केस, बोजा, मंजूर नकाशा, सगळं तिथे असतं. किंमत कार्पेटवरच बोला, बिल्टअप-सुपर बिल्टअप ऐकूच नका. आणि हे नीट लक्षात ठेवा: रजिस्टर्ड ॲग्रीमेंट होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही.

टोकन देताना घाई करू नका. एका बिल्डरकडे आम्ही 'आज शेवटचा दिवस' ऐकून ५१ हजार दिले, नंतर कागद बघितले तर पाण्याचं तेच हमीपत्र, जे विचारल्यावर नाही म्हणून सांगितलं होतं. पैसे परत मिळायला पाच महिने लागले, ते पण पावतीवर 'लोन किंवा कागदपत्रांत अडचण आल्यास पूर्ण परत' असं नवऱ्याने लिहून घेतलं होतं म्हणून. तुम्ही पण लिहून घ्या.

रिसेलला बघायचं ते असं: ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सगळ्या ॲग्रीमेंटची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत आणि थकबाकी नसल्याचं पत्र, विकणाऱ्याचं लोन असेल तर बँकेचं पत्र, आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का. जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर पुढे रिडेव्हलपमेंटला अडकतं, निदान मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरने सही केली नाही तरी सरकारकडून होणारं कन्व्हेयन्स) फाइल तरी टाकलीये का विचारा. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा अहवाल, स्वतःच्या वकिलाकडून काढा, बिल्डरच्या किंवा एजंटच्या नाही. वकिलाची फी इथे वाचवू नका. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची असते, हे रिसेलमध्ये हमखास राहून जातं.

आम्ही शेवटी आकुर्डीत १७ वर्षं जुना टू बीएचके घेतला. लिफ्ट छोटी आहे, जिम नाही, पार्किंग एकच. महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं पण येतं, टँकर मी अजून बघितलेला नाही, स्टेशनला चालत १२ मिनिटं, आणि खाली रात्री साडेदहापर्यंत डेअरी उघडी असते.

घर घेतलंत की पहिल्या महिन्यात लाइट मीटर आणि प्रॉपर्टी टॅक्सवर नाव बदलून घ्या. पुणे महापालिका हद्दीत स्वतः राहत असाल तर पीटी-३ फॉर्म भरा, ४० टक्क्यांची सवलत आपोआप लागत नाही, फॉर्मसोबत सोसायटीचं पत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडायला लागतो.